दोन झाकणं

लालबागच्या फुटपाथवर एक चप्पल पडली होती. उजव्या पायाची. तिचा मालक पंचवीसेक पावलं पुढे निघून गेला होता आणि मसाल्याच्या दुकानासमोर उभा राहून मिरच्या निवडत होता.

•

बाटलीवर छापलेलं: 5W-30. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर.

•

जाईबाईची पहिली नायलॉनची साडी मोरपंखी होती. १९८१ साली घोडपदेवच्या चाळीत ती गॅलरीतल्या दोरीवर टाकली आणि अर्ध्या तासात वाळली. नवरा तिच्याशी तीन दिवस बोलला नाही.

•

गाडीच्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात चिकटवलेला स्टिकर: ऑइल बदलले ७१,५०० किमी. पुढील ७६,५०० किमी. खाली बॉलपेनने सही. गु. रा.

•

प्रभादेवीचा सिग्नल. मंगळवार, म्हणजे सिद्धिविनायकाची गर्दी. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले आणि स्टिअरिंगवरच्या माणसाने समोर बघायचं सोडून मान खाली घातली. आपला पाय कुठे आहे ते बघायला.

•

हे सगळे तुकडे एकाच माणसाचे आहेत. चप्पल त्याची, रुसलेला नवरा तो, सही त्याची, आणि शोधावा लागलेला पायही त्याचाच.

गुणाजी राऊळ, वय अडुसष्ट, राहणार घोडपदेव. जुनी चाळ पाडून तिथे बावीस मजले उभे राहिले. त्यातल्या नवव्या मजल्यावर तो आणि जाईबाई, अकराव्यावर मुलगी अनुजा आणि आठ वर्षांची नात वैदेही. जावई बोटीवर असतो. वर्षातले सात महिने तो घरच्यांना फोनच्या काचेतच दिसतो. गाडी कागदावर अनुजाची. किल्ली गुणाजीच्या शर्टाच्या खिशात.

त्याचं आयुष्य तेलात गेलं. एकोणिसाव्या वर्षी तो परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, तो त्रासन खात्यात, सूत कातणाऱ्या मशिनींना तेल घालायला. एकेका मशिनीला चारशे चात्या, सगळ्या एकदम गरगरणाऱ्या. त्यातली कुठली कोरडी पडली आहे हे त्या गदारोळात कानाने कळणं शक्य नव्हतं. गुणाजी ते बोटांनी ओळखायचा. एका हातात लांब चोचीचा डबा, दुसऱ्या हाताची दोन बोटं मशिनीच्या लोखंडाला टेकवलेली, आणि चालत राहायचं. कोरड्या चातीपाशी आलं की बोटांना बारीक मुंग्या यायच्या. तिथे थेंब.

मग संप झाला. गिरणी उघडली ती अर्धीच, पुढे तीही बंद पडली. गुणाजी काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर गेला आणि चोवीस वर्षं तिच्यावर राहिला. तिथेही तेल बघायचं ते बोटांनीच. डिपस्टिकवरचा थेंब अंगठ्यात आणि पहिल्या बोटात घ्यायचा, चोळायचा, बोटं हळूच विलग करायची. मधे तार येते. ती किती लांब येते, कुठे तुटते, त्यावर सगळं.

"एकतारी झालंय, बदल," तो म्हणायचा. किंवा, "अजून दोनतारी आहे. महिनाभर चालेल."

लाडवाच्या पाकाचे हे शब्द त्याने जाईबाईकडून उचलले होते. परळमधल्या निम्म्या मेकॅनिकांच्या तोंडी ते बसले, आणि ते पाकाचे आहेत हे विसरूनही गेले.

दोन वर्षांपूर्वी मुंग्या आपल्याआपणच यायला लागल्या. कुठलीही चाती कोरडी नसताना. आधी तळपायांना, मग बोटांना. साखर जुनी, पंचवीस वर्षांची. मग एक दिवस मुंग्याही गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. तळव्यांना लादी लागेना. शर्टाचं बटण बोटांत आहे की नाही हे बघून ठरवावं लागे.

दवाखान्यात पद्मजा डॉक्टरांनी दोन पात्यांचा लोखंडी काटा टेबलावर आपटला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला.

"थरथर कळतेय, काका?"

"कळतेय."

"थांबली की सांगा."

गुणाजी काट्याकडे बघतच नव्हता. तो डॉक्टरांच्या डोळ्यांकडे बघत होता. त्या जराशा पुढे वाकल्या तेव्हा तो म्हणाला, "थांबली."

"छान," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

हे त्याने का केलं, तर शाळा साडेबाराला सुटते म्हणून. वैदेहीची शाळा प्रभादेवीला. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून करी रोडवरून वळसा घालावा लागतो, म्हणजे जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. येताना वैदेही मागच्या सीटवरून त्याला आज वर्गात कोण रडलं आणि का, याचा सविस्तर अहवाल द्यायची. "आजोबा, तुम्ही ऐकताय ना?" असं दर तीन वाक्यांनी विचारायची. दिवसातला एवढाच वेळ गुणाजी कोणाचा पेशंट नसायचा. पायांचं सांगितलं असतं तर किल्ली त्याच दिवशी गेली असती.

आणि जायलाच हवी होती. हेही त्याला ठाऊक होतं. त्या मंगळवारपासून पुरतं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि

•

"बाबा, या वेळी सिंथेटिक टाकू या."

शनिवारची सकाळ. अनुजा दोन मजले उतरून मोबाइलमध्ये बघत बघतच घरात शिरली होती.

गुणाजीने बशीकडे नीट बघून कप बशीत ठेवला. "काय टाकू या?"

"सिंथेटिक ऑइल. फुल सिंथेटिक. वर्षातून एकदा बदललं की झालं. तुम्हाला दर सहा महिन्यांनी धनेशकडे जाऊन बसायला नको."

"मला कुठे त्रास होतो बसायला?"

"त्रासाचं नाही हो. इंजिनाला चांगलं असतं. मी वाचलंय."

"या घरात," गुणाजी म्हणाला, "तो शब्द काढायचा नाय."

त्या शब्दाचा इतिहास असा. संपाच्या आधीच्या वर्षी खात्यातला एक साहेब येता-जाता म्हणायचा, आता सिंथेटिकचा जमाना, तुमच्या सुताला कोण विचारतो. लोक टेरिनच्या पँटी शिवत होते, बायका नायलॉनच्या साड्या घेत होत्या, आणि गोदामात सुती कापडाच्या गाठी पडून होत्या. गिरणी पुढे बुडाली ती अनेक कारणांनी बुडाली. ती कारणं सांगायला बसलं तर माणसं अजून भांडतात. गुणाजीने मात्र त्यातलं एकच कारण उचललं, कारण ते एका शब्दात मावत होतं. बदमाश माणसाचं नाव घ्यावं तसा तो म्हणायचा, सिंथेटिक.

"बाबा, ते कापड होतं. हे तेल आहे."

"खोटं ते खोटंच. कापड काय नि तेल काय."

आतून जाईबाईचा आवाज आला. "माझी ती साडी अजून आसा! मिक्सरावर घालतंय. तुमची मिल खय आसा?"

अनुजा खोखो हसली. तोही हसला. हसताना त्याच्या मनात आलं की आपण या शब्दामागे किती सोयीने लपतो आहोत. सिंथेटिक नको म्हटलं की गावभर एकच अर्थ लागतो, म्हातारा हट्टी आहे. म्हातारा घाबरलेला आहे, हे कोणाच्या डोक्यात यायचं नाही. वर्षातून एकदाच बदलायचं तेल आलं की बोटांना कोण विचारणार? आणि बोटांना कोणी विचारलंच नाही तर ती मेली आहेत हे कोणाला कळणारही नाही. म्हणजे खरं तर सिंथेटिकच त्याच्या सोयीचं होतं. तरी तो नाही म्हणत होता. हे काय आहे, हे त्याचं त्यालाही नीट उलगडेना.

"चल," तो म्हणाला. "धनेशला विचारू. तो बोलेल ते."

•

घोडपदेव ते परळ गाव. गाडी गुणाजीने चालवली, शेजारी अनुजा.

गाडीचा वेग तो आता आवाजावर चालवत होता. एक्सिलरेटर किती दाबला गेला हे इंजिन सांगायचं. ब्रेकला मात्र आवाज नसतो. ब्रेक लागला की नाही हे छातीला पट्टा आवळला की कळायचं, म्हणजे लागून झाल्यावर. एकटा असला की सिग्नलच्या बरंच आधी तो खाली एक नजर टाकून घ्यायचा. आज शेजारी अनुजा होती. त्याने लालबागपासून गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि मागून हॉर्न वाजले ते सगळे ऐकून घेतले.

"आज एकदम वरातीसारखी चालवताय," अनुजा म्हणाली.

"तेल जुनं झालंय ना."

•

(बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात: लहान मुलांपासून दूर ठेवा. वापरलेले तेल गटारात ओतू नये. त्वचेशी दीर्घ संपर्क टाळा.)

•

"या या, आयलर काका!"

गिरणी गेली, खातं गेलं, पण गुणाजीचा तेलवाल्याचा हुद्दा धनेशच्या गॅरेजात शाबूत होता. धनेश हा भिवाचा मुलगा. भिवा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. आता तो हार घातलेल्या फोटोत, कॉम्प्रेसरच्या वर. धनेश आणि अनुजा एकाच बालवाडीतले.

"काय गं, तू कशी आज?"

"बाबांना सुधारायला आलेय."

"मग संध्याकाळपर्यंत बस."

त्याने बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली आणि सवयीने ती गुणाजीपुढे धरली. गुणाजीने थेंब घेतला. चोळला. बोटं विलग केली आणि उजेडाकडे धरली. दिवाळीपासून तो हे असंच करत होता. तार डोळ्यांनी बघायची आणि बोटांनी कळल्यासारखं बोलायचं.

"एकतारी," तो म्हणाला.

"परफेक्ट," धनेश म्हणाला.

अनुजाने तिचं म्हणणं मांडलं. धनेशने फळीवरून दोन बाटल्या काढून बॉनेटजवळ ठेवल्या. एक साधं, एक सिंथेटिक.

"हे बघा बाबा. पाच डब्ल्यू तीस. डब्ल्यू म्हणजे विंटर."

"विंटर!" गुणाजी म्हणाला. "परळला! अगं, इथे जानेवारीत पंखा लागतो."

"थंडी इंजिनाची, काका," धनेश म्हणाला. "उभी गाडी सकाळी चालू केली की तेल वर पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात खरी घासाघीस होते. हे पटकन पोचतं."

"म्हणजे सिंथेटिकच," अनुजा म्हणाली.

"थांब ना. साधंपण चालतं. मी कधी कोणाला फसवून महागातलं घालत नाय. काकांनी ऑइल कधी चुकवलं नाय म्हणून इंजिन मस्त आहे. पण रनिंग बघ तुमचं. घोडपदेव, प्रभादेवी, घोडपदेव. थांब-चाल, थांब-चाल. गाडी जाग्यावर उभी आणि इंजिन चालूच. असल्या रनिंगला साध्याची लवकर वाट लागते."

"म्हणून तर सहा महिन्यांनी बदलतो," गुणाजी म्हणाला. "बोटाला विचारून. त्या सिंथेटिकला अंगच नाय. नुसतं पाणी."

"तुम्ही कधी हात लावलाय त्याला?"

"लावायला कशाला पायजे?"

"मग आज लावाच." अनुजाला आता मजा यायला लागली होती. "डोळे मिटायचे. धनेश दोन झाकणांत दोन तेलं घेईल. तुम्ही ओळखायचं. ओळखलंत तर साधं घालू, मी परत कधी बोलणार नाही. नाही ओळखलंत तर सिंथेटिक."

"काकांशी पैज लावतेस?" धनेश म्हणाला. "हरलीस समज."

गुणाजी नाही म्हणू शकला असता. काहीतरी कारण काढता आलं असतं. पण गॅरेजातल्या स्टुलावर बसलेलं एक गिऱ्हाईक मोबाइल खाली ठेवून बघायला लागलं होतं, धनेशच्या चेहऱ्यावर तो जुना विश्वास होता, आणि गुणाजीने मनात हिशेब केला. दोनच तर आहेत. एक हे, एक ते. निम्मी शक्यता आपलीच.

त्याने डोळे मिटले.

•

अंधारात बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. धनेशने काहीतरी ओतलं. मग त्याने गुणाजीचा उजवा हात मनगटाला धरून नेला. "हे पहिलं."

गुणाजीने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. म्हणजे चोळलं असावं. डोळे उघडे असताना बोटं त्याची होती. मिटल्यावर ती कोणा दुसऱ्याची झाली, आणि तो दुसरा माणूस काही सांगायला तयार नव्हता.

"हे दुसरं." आता डावा हात.

त्याने डाव्या हाताची बोटं चोळली. जरा जास्तच वेळ चोळली. सावकाश विलग केली, तार अजमावल्यासारखी मान तिरकी केली, पुन्हा मिटली, पुन्हा विलग केली. चारशे चात्यांच्या रांगेतून तो चालत होता आणि सगळ्या मशिनी बंद होत्या.

"उजवं साधं," तो म्हणाला. "अंग आहे त्याला. आणि हे डावं तुमचं सिंथेटिक. बोललो होतो ना? पाणी नुसतं. तारच नाय."

कोणी हसलं नाही.

त्याने डोळे उघडले. उजवी बोटं मधाच्या रंगाने चमकत होती. डावी बोटं कोरडी होती. झाकणात काहीच नव्हतं. आतला पांढरा गोल स्वच्छ दिसत होता.

धनेशचा चेहरा पडला होता. "काका... मला वाटलं तुम्ही पकडाल. शिवी घालाल, मग आपण हसू... म्हणून रिकामं ठेवलं."

अनुजा झाकणाकडे बघत होती. मग बोटांकडे.

"काका खेचतायत आपली," धनेश घाईने म्हणाला. "बघ ना, उजवं तर बरोबर सांगितलं. ते साधंच आहे. काय काका? आमचीच उलटी फिरकी घेतलीत ना?"

चांगला मुलगा होता. त्याने दार उघडून धरलं होतं. आता फक्त हसायचं होतं, 'कसं बनवलं!' म्हणायचं होतं, आणि गुणाजी त्या दारातून सरळ बाहेर पडला असता. सोमवारी साडेबाराला पुन्हा प्रभादेवीला गेला असता. करी रोडचा वळसा, रडणाऱ्या मुलांचा अहवाल, सिग्नल, ब्रेक. ब्रेकला आवाज नसतो.

त्याने हसायला तोंड उघडलं.

"मला काय लागत नाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बोटांना. काय लागत नाय. तेल काय, पाणी काय, हवा काय."

अनुजाची नजर सावकाश खाली गेली. जाईबाईने दोनदा विचारलं होतं, चपला सोडून हे मागे पट्टा असलेले सँडल कशाला घेतलेत, आणि त्याने सांगितलं होतं, फॅशन. त्या सँडलवर अनुजाची नजर थांबली.

"पायांनापण?"

"पायांना आधी."

"किती दिवस?"

"पायांचं दोन वर्षं होतील. बोटांचं दिवाळीपासून."

"आणि गाडी?" तिचा आवाज एकदम पातळ झाला. "बाबा, गाडी कशी चालवता?"

"आवाजावर."

"आणि ब्रेक?"

स्टुलावरच्या गिऱ्हाइकाने मोबाइल पुन्हा उचलला. धनेश फडकं आणायला म्हणून आत गेला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

"एकदाच," गुणाजी म्हणाला. "प्रभादेवीच्या सिग्नलला. पाय कुठे पडलाय ते कळेना. खाली बघावं लागलं. वीतभर अंतर उरलं. काय झालं नाय."

अनुजाने बॉनेटच्या कडेला हात टेकला.

"जाताना की येताना?"

जाताना गाडीत गुणाजी एकटा असतो. येताना वैदेही असते. एवढ्याचसाठी प्रश्न होता आणि दोघांनाही ते माहीत होतं.

"जाताना," गुणाजी म्हणाला.

तिने धरून ठेवलेला श्वास सोडला. तिचे डोळे भरले होते. "दोन वर्षं, बाबा," एवढंच ती म्हणाली. "डॉक्टरांनापण नाही?"

"त्यांनी काटा लावला. मी त्यांच्या डोळ्यांवरून सांगितलं."

यावर तिला हसू आलं की रडू, ते तिलाही कळलं नसावं. तिने ओढणीने नाक पुसलं.

गुणाजीने शर्टाच्या खिशात हात घातला. मग मान खाली घालून खिशात बघितलं, कारण बघितल्याशिवाय किल्ली सापडत नव्हती. ती काढून त्याने दोन झाकणांच्या मधे ठेवली. भरलेलं एक, रिकामं एक.

"तिला आणायला मी बसने जाईन," तो म्हणाला. "बसला ब्रेक दुसऱ्याचा असतो."

•

धनेश बाहेर आला तेव्हा किल्ली तिथेच होती. त्याने ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. खालचा नट सोडला. जुनं तेल काळ्या धारेने ट्रेमध्ये पडायला लागलं. ते संपेपर्यंत तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"मग... कुठलं घालू?" धनेशने विचारलं. सवयीने गुणाजीलाच.

"मला काय विचारतोस? चालवणार कोण?"

"तुम्ही सांगा, बाबा," अनुजा म्हणाली. "साधं घालायचं असेल तर साधं. पैज सोडा ती."

"पैज मी हरलोय. हात पुढे कर."

"माझा?"

"मग काय धनेशच्या आजीचा?"

धनेशने रिकाम्या झाकणात सिंथेटिक ओतलं. गुणाजीने तिचा हात धरला, मनगटाला, जसा मघाशी त्याचा धरला गेला होता, आणि बोट आधी एका झाकणात बुडवलं. "चोळ. घाई नको. आता सोड हळू."

"गार आहे."

"गार नाय विचारलं. तार बघ. नाय, बघू नको. डोळे मिट. बोटांना काय सांगतंय?"

तिने डोळे मिटले. कपाळावर आठ्या घालून ती चोळत राहिली, बारावीला गणितं सोडवताना करायची तसा चेहरा करून. "जाड आहे. भरलेलं वाटतंय. ओढलं की... मधेच सोडतं."

"आता ते दुसरं."

तिने बोटं पुसली आणि दुसऱ्या झाकणात घातली. या वेळी तिने आधीपेक्षा सावकाश चोळलं. गुणाजी तिच्या बोटांकडे बघत होता. ती विलग झाली, त्यांच्या मधे तार आली. तार त्याला दिसत होती, पण त्याला ती दिसायला नको होती. त्याला ती ऐकायची होती.

"हे पाणी नाही, बाबा," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"बारीक आहे. पण... कसं सांगू? एकसारखं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुठे गाठ नाही."

एकसारखं. त्रासन खात्यात सुताला एवढी एकच शाबासकी होती. साहेब बॉबिनवरचं सूत दोन बोटांतून ओढायचा, आणि तो बाकी काही न बोलता 'एकसारखं' म्हणाला तर अख्खी पाळी खूश व्हायची. अनुजाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्या जन्माआधीचं होतं ते.

गुणाजीने दोन्ही झाकणांकडे बघितलं. आपण ज्याला चव्वेचाळीस वर्षं शिव्या दिल्या ते आपण एकदाही बोटांत धरलं नव्हतं, आणि आता धरावंसं वाटतंय तर बोटं नाहीत.

"सिंथेटिक घाल," तो म्हणाला.

धनेश थबकला. "काका, आज तो शब्द शिवी न घालता काढलात."

"काढला. जाईबाईला सांगू नको. मिक्सरावरची साडी डोक्यावर घेऊन नाचेल."

•

नवा स्टिकर: ऑइल बदलले ७६,४८० किमी. पुढील ८६,४८० किमी किंवा एक वर्ष. सहीच्या जागी धनेशने पेन गुणाजीपुढे धरलं. गुणाजीने ते अनुजाकडे दिलं. तिने लिहिलं, अ. रा. लग्नाआधीचं आडनाव लिहिलं गेलं हे तिच्या लक्षात आलं नाही आणि गुणाजीने दाखवून दिलं नाही.

परत येताना ती स्टिअरिंगवर, तो डावीकडे. तिने गाडी चालू केली तेव्हा दोघांनी क्षणभर इंजिन ऐकलं. आवाज खाली बसला होता, तेल प्यायलेल्या मशीनचा बसतो तसा.

"सोमवारी पद्मजा डॉक्टरांकडे जायचं," अनुजा म्हणाली. "आणि या वेळी डोळे मिटून."

"बरं."

"आणि आईला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं."

"बरं म्हटलं ना."

भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला तिने ब्रेक लावला. गुणाजीचा उजवा पाय पायपुसणीवर होता. तोही दाबला गेला की नाही, हे बघायला त्याने मान खाली घातली. दाबला गेला होता.

अनुजाने ते पाहिलं. तिने गिअरवरचा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांचं तेल अजून पुरतं गेलं नव्हतं. ते चमकताना त्याला दिसलं.

"वैदेहीला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"तिला सांग, आजोबांना बसमधून कोण रडतं ते जास्त नीट ऐकू येतं."

सिग्नल सुटला. तो तिला आणखी एक सांगणार होता. लालबागपर्यंत ते ओठांवर होतं. मग तिने सफाईने लेन बदलली, मागे नीट बघून, आणि त्याने ते गिळलं.

•

प्रभादेवीच्या सिग्नलचा तो मंगळवार येतानाचा होता. वैदेही मागच्या सीटवर डब्यातली उरलेली पोळी खात होती.